ओल्या फिल्मचे वाचन



गेले काही दिवस आमच्या नातेवाइकांत एका विषयावर जोरात चर्चा चालू आहे. माझ्या चुलतभावाची नात रेडिओलॉजीत एम. डी. झाली. आता बोरिवलीला नाहीतर इथे मुलुंडला सोनोग्राफीचे सेंटर टाकायचे, चार पैसे गाठीला बांधायचे, असा सगळ्यांचा हिशोब. पोरगी म्हणते, मला इमर्जन्सी रेडिओलॉजी करायची आहे, आणि तीही कॉलेजच्या रुग्णालयात राहून, शिकवत शिकवत. म्हणजे रात्रपाळ्या आल्या, पगार बेताचा, आणि जिचा जीव वाचवला त्या पेशंटला हिचे नावही कळणार नाही. एका काकांनी तर सरळ विचारले, "अगं, पण फोटोच काढायचे ना? त्याला एवढं शिक्षण कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "काका, फोटो टेक्निशियन काढतो. मी तो वाचते."

"वाचते" हा शब्द माझ्या मनात बसला. माझा सगळा जन्म पोरांना वाचायला शिकवण्यात गेला. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. वैद्यकातले मला कळत नाही, पण हे वाचन कुठून सुरू झाले आणि कोणी कोणी केले, हा तर इतिहासच आहे. म्हणून काही पुस्तके चाळली, तिला प्रश्न विचारून भंडावले, आणि आता जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते आहे. काकांनी हे वाचावे अशी विशेष विनंती!

सुरुवात नावापासून करू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावी विल्हेल्म राँटजेन यांना प्रयोगशाळेत एक अनोळखी किरण सापडला. तो काय आहे ते ठाऊक नाही म्हणून त्यांनी बीजगणितातले अज्ञात अक्षर त्याला लावले, एक्स. आपल्या भाषेने त्याचे भाषांतर किती चपखल केले पाहा. आपल्या बीजगणितात अज्ञात राशीला "क्ष" मानायची पद्धत, म्हणून तो झाला क्ष-किरण. "समजा, क्ष बरोबर..." असे म्हणत ज्यांनी गणिते सोडवली त्यांना हे वेगळे सांगायला नको. गंमत अशी की किरणांचे कोडे पुढे सुटले, पण त्यांनी काढलेल्या चित्रात दर वेळी नवा "क्ष" असतोच. तो शोधणाराच क्ष-किरणतज्ज्ञ.

दुसरी गोष्ट अशी, की या किरणांचा उपयोग पहिल्यापासूनच तातडीच्या कामाला झाला. शोधाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८९७-९८ मध्ये, वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे यंत्र डोंगराळ मुलखात नेले आणि जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. तिराह आता पाकिस्तानात आहे, पण तेव्हा तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरहद्दीचा मुलूख होता. म्हणजे तातडीच्या क्ष-किरणचित्रणाच्या इतिहासातले एक पहिले पान आपल्याच उपखंडात लिहिले गेले. त्याआधी सर्जन काय करत? सळई किंवा बोट जखमेत घालून गोळी चाचपत. त्याने गोळी सापडो न सापडो, जखम मात्र चिघळे.

पुढे पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरी यांनी मोटारींत यंत्रे बसवली. अशा सुमारे वीस गाड्या आणि दोनशेच्या आसपास कायमची क्ष-किरण केंद्रे त्यांनी उभी केली. स्वतः गाडी चालवायला शिकल्या. मुलगी इरीन युद्धाच्या सुरुवातीला सतरा वर्षांची, तीही कामाला लागली. मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हे की त्यांनी सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवले. दोन नोबेल मिळवलेली बाई युद्धाच्या धामधुमीत शाळा घेत होती! काम करता करता शिकवायचे, ही परंपरा तिथपासूनची.

मग शांततेचा काळ आला आणि हे शास्त्र रुग्णालयातल्या एका अंधाऱ्या खोलीत स्थिरावले. फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग फिक्सरमध्ये, मग धुवायची, मग चिमट्याला लावून वाळत घालायची. वाळली की क्ष-किरणतज्ज्ञ दिव्याच्या पेटीवर लावून सावकाश वाचणार आणि अहवाल टाइप होऊन दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाणार. पण अपघाताचा रोगी दुसऱ्या दिवसाची वाट कशी पाहील? त्याच्यासाठी पाणी निथळत असलेली फिल्मच तशीच उजेडापुढे धरून वाचायची. इंग्रजीत अशा वाचनाला "वेट रीड" म्हणत, म्हणजे ओल्या फिल्मचे वाचन. आज फिल्म जवळजवळ राहिली नाही, सगळे पडद्यावर दिसते, तरी तातडीच्या अहवालाला अमेरिकेत अजून "वेट रीड" म्हणतात असे ऐकून मला फार मौज वाटली. वस्तू गेली तरी शब्द राहतो. आपण नाही का, शाई नसली तरी "दौत-टाक" म्हणतो.

आता खरा प्रश्न. ही ओली फिल्म रात्री वाचायचे कोण? मोठे तज्ज्ञ संध्याकाळी घरी जात. रात्री जागा असे तो शिकाऊ डॉक्टर, किंवा ज्याने फिल्म मागवली तो सर्जनच. म्हणजे ज्या वेळी वाचन सगळ्यात अवघड आणि चूक सगळ्यात महाग, त्या वेळी वाचणारा सगळ्यात नवखा. क्ष-किरणांच्या शोधानंतर ऐंशी-नव्वद वर्षे जगभर बहुतेक ठिकाणी हेच चालले. यात कोणा एकाचा दोष नव्हता, रात्रीचे वाचन ही वेगळी विद्या आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

दरम्यान एक मोठी क्रांती झाली. डोक्याला मार लागलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. कधी कधी असे होते की माणूस पडतो, क्षणभर शुद्ध हरपते, मग उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो. घरचे म्हणतात, बरा आहे. आणि काही तासांत तो कोसळतो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असते आणि मेंदूवर दाब वाढत असतो. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, हे रक्त दिसत नाही. पूर्वीचे सर्जन लक्षणांवरून अंदाज बांधून कवटीला भोक पाडत, किंवा मानेच्या रोहिणीत औषध टोचून फोटो काढत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका बाईच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि मेंदूचे काप कवटी न उघडता दिसू लागले. ते यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. ते ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर. १९७९ चे नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळून मिळाले.

चित्र मिळाले, पण वाचणारा? इथे जॉन हॅरिस या अमेरिकन डॉक्टरांचे नाव घ्यावे लागते. विल्यम हॅरिस यांच्यासोबत त्यांनी १९७५ साली तातडीच्या वैद्यकातल्या क्ष-किरणशास्त्रावर एक जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिले. १९७५ हे साल लक्षात ठेवा. अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली ती १९७९ मध्ये. आपल्याकडे त्या विषयातल्या एम. डी.ला मान्यता मिळाली २००९ मध्ये. म्हणजे शाखा रीतसर जन्माला यायच्या आधीच हॅरिस यांनी तिच्या वाचनाचे पुस्तक तयार ठेवले होते. पुढे ते ह्यूस्टनला टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १९८८ साली या विषयाची अमेरिकन संस्था त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाली.

"प्राध्यापक होऊन काय करणार?" असे विचारणाऱ्यांसाठी त्यांचे एकच काम सांगते. जबर अपघातात कधी कधी कवटी मानेच्या मणक्यांपासून निखळते. बाहेरून दिसत नाही, आणि अशा माणसाची मान चुकून हलवली तर संपले. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंख्य चित्रे मोजून १९९४ मध्ये एक साधा नियम मांडला. कवटीच्या तळाचे एक ठरावीक टोक आणि मानेचा दुसरा मणका यांच्यातले अंतर प्रौढ माणसात १२ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. झाले. रात्री तीन वाजता डोळे चोळत बसलेल्या नवख्या डॉक्टरच्या हातात एक पट्टी आली. मोठ्या तज्ज्ञाची नजर त्याने बारा मिलिमीटरमध्ये बांधून दुसऱ्याला देऊन टाकली. शिकवणे म्हणजे आणखी वेगळे काय असते?

वाचनात चूक कशी होते, याचाही या लोकांनी कसून अभ्यास केला आहे. एक चूक तर शिक्षकांना चटकन पटेल. वहीतल्या ओळीत एक ठळक अशुद्ध शब्द सापडला की लाल पेन तिथे गोल करते आणि नजर पुढच्या ओळीवर जाते, त्याच ओळीतली दुसरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक तशीच सुटते. फिल्मचेही तसेच. मोडलेली मांडी दिसली की शोध संपल्यासारखा वाटतो, आणि कोपऱ्यातली फुप्फुसाभोवतीची हवा राहून जाते. म्हणून शिकवतात की एक सापडले की आता दुसरे शोध. २०१३ साली अमेरिकेत एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये मुद्दाम एका गोरिलाचे छोटे चित्र घातले आणि २४ क्ष-किरणतज्ज्ञांना गाठी शोधायला सांगितले. २० जणांना गोरिला दिसलाच नाही! डोळे त्याच्यावरून फिरून गेले तरी. जे शोधतो तेच दिसते. यावर इलाज कोणता? शिस्तीने, क्रमाने, पूर्ण पान वाचणे, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते वाचन तपासणे. आमच्या वेळी शाळेत दुसरा तपासनीस असायचा, तसेच.

आता आपल्या देशाकडे येऊ. कल्याणपूर हे आडनाव आपल्याला सुमन कल्याणपूर यांच्या गोड गळ्यामुळे ठाऊक आहे. (नात्याचा काही संबंध आहे असे मी म्हणत नाही हं!) डॉ. अर्जुन कल्याणपूर दिल्लीच्या एम्समध्ये शिकले, पुढे अमेरिकेत कॉर्नेल आणि येल इथे त्यांनी क्ष-किरणशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि येलमध्ये शिकवूही लागले. १९९९ मध्ये ते बंगळूरला परतले. त्यांच्या डोक्यात एक साधा भूगोल होता. येल ज्या न्यू हेवन गावी आहे तिथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात. तिकडे डॉक्टर पेंगतो तेव्हा इकडे डॉक्टर ताजातवाना, चहा पिऊन बसलेला. मग तिकडची तातडीची चित्रे इकडे का वाचू नयेत?

हे शक्य झाले त्याचे कारण १९९० च्या दशकात ही चित्रे साठवण्या-पाठवण्याची एकच ठरावीक पद्धत सगळ्या यंत्रांना लागू झाली होती, आणि इंटरनेट आले होते. कल्याणपूर आणि येलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून हे तंत्राच्या आणि वैद्यकाच्या दृष्टीने जमते असे दाखवणारा लेख २००३ साली प्रसिद्ध केला. त्याआधीच, २००२ मध्ये, त्यांनी पत्नी डॉ. सुनीता माहेश्वरी यांच्यासह बंगळूरला टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स ही संस्था काढली होती. ही कल्पना एकट्या भारतात सुचली असे नाही. नाइटहॉक नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याच सुमारास सिडनीत डॉक्टर बसवून हेच केले. पण एक फरक माझ्या लक्षात आला. बंगळूरच्या मंडळींनी पुढे शिकवण्याचेही काम धरले, लांबच्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून धडे देऊ लागले.

यात नियमही कडक. अमेरिकेतल्या ज्या राज्यातला रोगी, त्या राज्याचा परवाना वाचणाऱ्याकडे हवा. शिवाय तिकडची सरकारी विमा योजना देशाबाहेरच्या कामाचे पैसे देत नाही, म्हणून रात्रीचे वाचन तात्पुरते आणि सकाळी तिथला डॉक्टर अंतिम अहवाल देणार, अशी रचना झाली. पुन्हा तेच, दुसरा तपासनीस.

हे सगळे वाचताना मला अभिमान वाटला आणि एक प्रश्नही सतावू लागला. अमेरिकेतल्या गावाची रात्र आपण जागवली, आपल्या गावाच्या रात्रीचे काय?

आपली उपनगरे आठवा. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी आमच्या मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या लोकलमध्ये स्फोट. २८ जुलै २००३ ला पुन्हा घाटकोपर. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर माटुंग्यापासून बोरिवली-मीरा रोडपर्यंत सात स्फोट. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळला, १७ माणसे गेली. हे झाले वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचे. आतल्या पानावर रोजचे काय? उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली, कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. जखमी वेगळेच. त्यांना राजावाडी, कूपर, भगवती, शीव अशा रुग्णालयांत नेतात. २०१३ पासून जोगेश्वरीला महामार्गालगत महापालिकेचे खास अपघात रुग्णालय झाले, ही चांगली गोष्ट. पण यंत्र घेणे सोपे, यंत्रापुढे रात्री तीन वाजता शिकलेला माणूस बसवणे अवघड.

आणखी एक गुंता फक्त आपल्याकडचा आहे. पोटात रक्तस्राव होतो आहे का, हे खाटेजवळच सोनोग्राफी करून दोन-तीन मिनिटांत पाहायची रीत जगभर रूढ आहे. आपल्याकडे मात्र सोनोग्राफीचे यंत्र कायद्याने जखडलेले आहे. त्याची नोंदणी, जागा, वापरणारा, सगळे ठरलेले. कारण उघड आहे. याच यंत्राने पोटातल्या मुली शोधून मारल्या गेल्या. त्याविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला, केंद्राचा त्यानंतर १९९४ मध्ये आला. तो कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एकाच यंत्राने जीव घेतलेही जातात आणि वाचतातही, आणि घेणाऱ्यांच्या पापाचा भार वाचवणाऱ्यांना उचलावा लागतो, हे लक्षात घ्यायला हवे.

आता काकांचा शेवटचा मुद्दा. ते म्हणतात, "पुढे हे सगळं कॉम्प्युटरच करणार!" त्यात तथ्य आहे. मुंबईतल्याच क्यूर डॉट एआय या कंपनीतल्या मंडळींनी २०१८ साली लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात लेख लिहिला. डोक्याच्या सीटी स्कॅनमधला रक्तस्राव, हाड मोडणे असे गंभीर दोष त्यांचा प्रोग्रॅम ओळखू शकतो, हे वीस हजारांहून अधिक स्कॅनवर तपासून दाखवले होते. अशा प्रोग्रॅमचा मोठा उपयोग म्हणजे ढिगातला गंभीर स्कॅन वर काढून ठेवणे, म्हणजे डॉक्टर तो आधी वाचेल. वाईट नाही. पण हा प्रोग्रॅम शिकला कशावरून? माणसांनी वाचून ठेवलेल्या चित्रांवरून. उद्या चांगले वाचणारे उरले नाहीत तर त्याला शिकवणार कोण आणि त्याची वही तपासणार कोण?

म्हणून मला वाटते, पोरीचा निर्णय योग्य आहे. सेंटर टाकणारे पुष्कळ निघतील, आणि तेही लोकांच्या गरजेचेच काम आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण रात्रीची ओली फिल्म वाचणारे आणि दुसऱ्याला वाचायला शिकवणारे थोडे. एक डॉक्टर रात्रीत वाचून वाचून किती चित्रे वाचेल? तिने दर वर्षी पाच जणांना नीट वाचायला शिकवले, तर ते पाच जण कुठे अकोल्याला, कुठे रत्नागिरीला, कुठे शीवला रात्री जागे असतील. तिचे नाव त्या पेशंटना कळणार नाही हे खरे. पण पहिलीत ज्या बाईंनी आपल्याला अक्षर ओळखायला शिकवले, त्यांचे नाव तरी आपल्यापैकी कितीजणांना आठवते? आपण वाचतो आहोत, एवढे पुरे असते.

पैशाचे म्हणाल तर, घरच्यांनी तिच्या रात्रपाळीचा डबा आणि सकाळची झोप तेवढी सांभाळावी. बाकीचे ती सांभाळेल. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा, काकांचे तर येणारच आहे!